वाचकांचे प्रश्न : पुडीचा हिशेब, कचऱ्याची मजुरी आणि खाडीचा हक्क

गेल्या अंकात पर्यावरणासाठी झटणाऱ्या लातिने उद्योजकांची, कार्यकर्त्यांची आणि कलावंतांची ओळख करून देणारे एक टिपण आम्ही छापले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांतली काही निवडून, थोडी आटोपशीर करून पुढे उत्तरे देत आहे. "हे सगळे सातासमुद्रापलीकडचे, आम्हाला त्याचे काय?" असे विचारणारी पत्रेही होती. त्यांना स्वतंत्र उत्तर देत नाही, कारण बाकीच्या पत्रलेखकांनीच ते देऊन ठेवले आहे.

प्रश्न : 'लातिने' हे एखाद्या जमातीचे नाव आहे काय? 'लॅटिनो' हा परिचित शब्द टाळण्याचे कारण काय? (निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : जमातीचे नाव नव्हे. स्पॅनिशमध्ये नामांना पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. 'लातिनो' म्हणजे पुरुष, 'लातिना' म्हणजे स्त्री, आणि स्त्री-पुरुषांचा मिळून समुदाय असला की पुन्हा पुल्लिंगी रूपच वापरावे लागते. ते टाळण्यासाठी शेवटी 'ए' लावून केलेले हे रूप अलीकडे, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, वापरात आले आहे. मराठी माणसाला ही अडचण चटकन जाणवत नाही, कारण नवरा-बायको मिळून आली तर आपण 'ती दोघं आली' असे नपुंसकलिंगी अनेकवचन सहज वापरून मोकळे होतो. मात्र ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत त्यांपैकी अनेकांना हा शब्द परकाच वाटेल. होंडुरासच्या कार्यकर्त्या बेर्ता कासेरेस स्वतःची ओळख लेंका अशी सांगत, तर एक्वादोरच्या कार्यकर्त्या नेमोन्ते नेन्किमो वाओरानी अशी सांगतात; ही त्यांच्या आदिवासी समाजांची नावे आहेत. म्हणून पुढील उत्तरांत मी शक्य तेथे देशाचे किंवा समाजाचे नावच घेतले आहे.

प्रश्न : कळव्यात चाळवस्तीला लागून आमचे किराणा दुकान आहे. शाम्पूच्या, कपड्यांच्या पावडरीच्या आणि मसाल्याच्या छोट्या पुड्याच दिवसभर खपतात. चिलीतील 'आल्ग्रामो'सारखी सुट्या मालाची विक्री येथे करता येईल काय, आणि त्यात दुकानदाराच्या हाती काय लागेल? (किराणा व्यापारी, कळवा)

उत्तर : 'आल्ग्रामो'चा उगम कचऱ्याच्या चिंतेतून झाला नाही, घरखर्चाच्या वहीतून झाला, हे आधी लक्षात घ्यावे. होसे मॅन्युएल मोलर हा विद्यार्थी असताना मित्रांसोबत सांतियागोच्या एका गरीब वस्तीत राहायला गेला. महिन्याचे सामान एकदम भरण्याइतके पैसे हाताशी नसत, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातून तेल, तांदूळ, साबणाची पावडर थोडी थोडी आणावी लागे, आणि त्याच मालाला मोठ्या पाकिटाच्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त पैसे मोजावे लागतात असे त्याच्या हिशेबात आले. ज्याच्याकडे पैसा कमी त्यानेच चढा भाव द्यायचा, या व्यवहाराला त्याने गरिबीवरचा कर म्हटले. त्याच्या कंपनीच्या नावाचा अर्थच 'ग्रॅमच्या भावाने' असा आहे. माल मोजून देणारे यंत्र वस्तीतल्या छोट्या दुकानात बसवले जाई, गिऱ्हाईक आपला डबा घेऊन येई, लागेल तेवढाच माल मोठ्या पाकिटाच्या दराने नेई, आणि नफ्यात दुकानदाराचा वाटा असे. प्लास्टिक वाचणे हा या व्यवहाराचा दुसरा लाभ होता. पहिला लाभ गिऱ्हाइकाच्या खिशाला होता, आणि म्हणूनच लोक रिकामे डबे घेऊन परत आले, असे माझे मत आहे.

आता आपल्याकडे पाहू. शाम्पूच्या बाबतीत चिलीतले गणित येथे पुष्कळदा उलटे बसते, कारण एक-दोन रुपयांच्या पुडीतला शाम्पू मिलिलिटरमागे बाटलीतल्या शाम्पूपेक्षा स्वस्त पडतो. आपल्याच मांडणीवरची पुडी आणि बाटली शेजारी ठेवून भागाकार करून पाहावा. त्यामुळे "बाटली भरून न्या, स्वस्त पडेल" असे शाम्पूच्या गिऱ्हाइकाला सांगायला गेलात, तर ते आपल्याला वेड्यात काढील आणि त्याचे काही चुकणार नाही. फरशी पुसण्याचे द्रावण, फिनेल, भांड्यांचा द्रव साबण, कपड्यांची पावडर यांचे तसे नाही. हा माल मोठ्या कॅनमधून किंवा गोणीतून घेऊन सुटा विकला तर गिऱ्हाइकाला आणि आपल्याला, दोघांनाही काही उरते. तेव्हा सुरुवात तेथूनच करावी.

खाद्यतेलाच्या वाटेला मात्र जाऊ नये. हातात किटली घेऊन घाण्यावर तेल आणायला धाडलेली पोरे माझ्या पिढीत घरोघरी होती, पण अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीस सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्यामागचे भेसळीचे कारण खोटे म्हणता येत नाही. बाकीच्या मालासाठी काटा वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळलेला असावा, आणि डब्याचा धडा, म्हणजे रिकाम्या डब्याचे वजन वजा करणे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करावा. डब्याचे वजन मालात धरले अशी शंका एकदा आली की सुटा माल वस्तीत कायमचा बदनाम होतो.

पुडीविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, ती पुढच्या एका उत्तरात उपयोगी पडेल. ही पुडी दिसते एक पातळ कागदासारखी, पण तिच्यात निरनिराळ्या प्लास्टिकचे आणि कधी कधी ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, वजन तर नगण्य असते, म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. पुडी गटारात जाते, आणि कळव्याचे गटार कोठे जाते हे आपल्याला सांगायला नको.

प्रश्न : आम्ही पाच जणी रेक्झिनच्या पर्स आणि पिशव्या शिवतो. निवडुंगाचे चामडे वापरले तर आमचा माल पर्यावरणपूरक म्हणून विकता येईल काय? निवडुंग आपल्याकडेही आहे, मग हे चामडे येथे का होत नाही? (महिला बचत गटाच्या सदस्या, ऐरोली)

उत्तर : आद्रियान लोपेस वेलार्दे आणि मार्ते कासारेस या दोन मेक्सिकन तरुणांनी 'देसेर्तो' या नावाने हे साहित्य ऑक्टोबर २०१९ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात मांडले. त्यासाठी लागणारा नोपाल, म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाचा सख्खा भाऊ, साकातेकास राज्याच्या कोरड्या जमिनीवर पावसाच्या पाण्यावर वाढतो. झाड उपटत नाहीत. फक्त पक्व फडे कापतात आणि सहा ते आठ महिन्यांनी त्याच झाडावर पुन्हा कापणी येते. जनावर नको, पाणी फारसे नको, नांगरट नको. येथपर्यंत कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

पुढे मात्र वाळवलेल्या फड्यांची भुकटी रेझिनमध्ये मिसळून तिचा थर कापडावर चढवावा लागतो. २०२१ मध्ये जर्मनीतील एका संशोधन संस्थेने चामड्याचे अनेक पर्याय तपासले, तेव्हा या साहित्यातही पॉलियुरेथेन हे प्लास्टिक आढळले. म्हणजे रेक्झिनपेक्षा चांगले असेल, पण ते मातीत मिसळून जाणारे पान नव्हे. आपल्याकडे ते न होण्याचे कारणही येथेच आहे. त्यासाठी निवडुंगाइतकाच कापडावर असा थर चढवणारा कारखाना आणि त्याचे रसायनशास्त्र लागते. शिवाय आपला फड्या निवडुंग आता पूर्वीसारखा राहिलेलाही नाही. दख्खनच्या माळावर त्याची रानेच होती आणि त्याची बोंडे खाऊन जिभा लाल केलेली माणसे मी पाहिली आहेत. १९२६ च्या सुमारास मुद्दाम आणून सोडलेल्या एका किड्याने ती राने साफ केली. तो किडा कोशिनिलच्या कुळातला, आणि त्याच्याच एका भाऊबंदापासून मेक्सिकोतले विणकर शतकानुशतके किरमिजी रंग काढत आले आहेत.

विक्रीबाबत सावध राहावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, आणि 'पर्यावरणपूरक' असे मोघम लिहून भागत नाही. मला विचाराल तर बाहेरून महाग साहित्य आणण्याआधी आपण दोन गोष्टी कराव्यात. कातरणातून छोटी पाकिटे शिवावीत, आणि आपल्याकडून घेतलेल्या पर्सची चेन किंवा बंद तुटला तर नाममात्र पैशांत दुरुस्त करून देण्याचे छापील आश्वासन द्यावे. पाच वर्षे टिकलेली रेक्झिनची पर्स वर्षभरात टाकून दिलेल्या निवडुंगाच्या पर्सपेक्षा बरी, आणि दुरुस्तीचे पैसे आपल्याच गटात राहतात.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत सुका कचरा वेगळा ठेवला जातो. तो उचलणाऱ्या दोन स्त्रियांना संस्थेने काही रक्कम द्यावी असा ठराव मी मांडणार आहे. "त्यांना भंगाराचे पैसे मिळतातच" असा आक्षेप आहे. कोलंबियाची राजधानी बोगोता येथील कचरावेचकांविषयी आपण ओझरते लिहिले होते. तेथे नेमके काय झाले? (गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, नेरूळ)

उत्तर : सर्व पत्रांत मला हे पत्र अधिक महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

कोलंबियातील कचरावेचकांची कथा एका भीषण घटनेपासून सांगावी लागते. १ मार्च १९९२ रोजी बार्रांकिया शहरातील एका विद्यापीठात पुठ्ठा देतो असे सांगून कचरावेचकांना आत बोलावण्यात आले आणि मारण्यात आले. त्यांचे मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी वापरले जात होते. मेल्याचे सोंग घेऊन वाचलेल्या एका माणसाने बाहेर येऊन हे सांगितले, म्हणून ते उघडकीस आले. १ मार्च हा दिवस आज जगभर कचरावेचकांचा दिवस म्हणून पाळला जातो. ज्या माणसाच्या असण्या-नसण्याची नोंदच कोणी ठेवत नाही, त्याला असे नाहीसे करता येते, हे कोलंबियातील कचरावेचकांना तेव्हा कळले. पुढची त्यांची लढाई भावासाठी होती तितकीच नोंदीसाठीही होती.

नोरा पादिया या त्या लढ्यातल्या एक प्रमुख नेत्या. हिंसाचारामुळे गाव सोडून बोगोताला आलेल्या कुटुंबात त्या वाढल्या आणि लहानपणापासून कचराभूमीवर काम करीत आल्या. शहराने कचरा उचलण्याची कंत्राटे मोठ्या कंपन्यांना द्यायचे ठरवले आणि निविदेच्या अटी अशा घातल्या की कचरावेचकांच्या संघटनेला भागच घेता येऊ नये. संघटना न्यायालयात गेली. २००३ मध्ये कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने कचरावेचकांना अशा निविदांतून वगळता येणार नाही असे सांगितले. शहराने तरी दुर्लक्ष केले, तेव्हा २०११ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा आदेश दिला. अखेर २०१३ पासून बोगोता महापालिका नोंदणीकृत कचरावेचकांना त्यांनी आणलेल्या मालाच्या वजनाप्रमाणे मोबदला देऊ लागली. त्याच वर्षी पादिया यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

आपल्या सभासदांच्या आक्षेपाचे उत्तर या मोबदल्यात आहे. भंगाराची किंमत हा मालाचा पैसा झाला आणि कचरा उचलणे ही सेवा झाली. कंत्राटदाराची गाडी कचरा नेते तेव्हा आपण त्याला टनामागे वाहतुकीचे पैसे देतो. त्याने तो कचरा कोणाला विकला का, असे आपण विचारत नाही. मग बाईने पाठीवरून नेलेल्या किलोला हा नियम का नको? बोगोताच्या कचरावेचकांनी एवढाच प्रश्न न्यायालयापुढे चिकाटीने मांडला. आपल्या दोघी जणी तर नको असलेल्या पुड्याही उचलतात, ज्यांचा त्यांना एक पैसाही येत नाही. कळव्याच्या व्यापाऱ्यांना दिलेले उत्तर येथे जोडून वाचावे.

बोगोता दूर वाटत असेल तर पुण्याचे पाहावे. बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ मध्ये तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महानगरपालिकेने २००८ मध्ये करार केला आणि सभासद घरटी सेवाशुल्क घेऊन दारात कचरा घेऊ लागल्या. आपल्याकडील कचरावेचकांत १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी मोठ्या प्रमाणात आहे, हे ठरावाच्या वेळी बोलावे असे मला वाटते. सभेत बसलेल्यांपैकी काहींचे आजोबाही त्याच काळात गाव सोडून मुंबईला आले असतील.

ठरावात रक्कम दरमहा ठरावीक ठेवावी, 'दिवाळीला बक्षीस' असे शब्द टाळावेत आणि 'सेवाशुल्क' असे स्पष्ट लिहावे. संस्थेच्या शिक्क्याचे ओळखपत्र, हातमोजे आणि पावसाळ्यात माल निवडायला छपराखालची जागा द्यावी. घनकचऱ्याच्या नियमांनी २०१६ मध्येच कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले होते, तेवढा आधार विरोधकांना उत्तर द्यायला पुरेसा आहे.

प्रश्न : पराग्वेतील कचऱ्याच्या वाद्यांच्या वाद्यवृंदावरून आमच्या शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शन भरवावे असा विचार आहे. काय करून घ्यावे? (संगीत शिक्षिका, ठाणे पूर्व)

उत्तर : प्रदर्शनापेक्षा वर्ग भरवावा. असुन्सिओनच्या कातेउरा कचराभूमीवर फाबियो चावेस २००६ मध्ये पर्यावरणाच्या कामासाठी गेले आणि मुलांना संगीत शिकवू लागले. मुले जास्त आणि वाद्ये कमी, आणि त्या वस्तीत व्हायोलिनची किंमत घरापेक्षा अधिक, म्हणून निकोलास गोमेस या कचरावेचक कारागिराने डबे, काटेचमचे, पाइप यांतून वाद्ये घडवली. तेथे शिकण्याची भूक आधी होती. आपल्याकडच्या प्रदर्शनांसाठी पालक नव्या बाटल्या विकत आणून रिकाम्या करतात, ते तरी टाळावे.

प्रश्न : महाविद्यालयीन स्पर्धेत मी बेर्ता कासेरेस आणि चिको मेंदेस यांच्यावर बोलणार आहे. पर्यावरणासाठी एवढ्या जणांचे खून लॅटिन अमेरिकेतच का होतात? (विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : 'पर्यावरणासाठी' या शब्दापाशी थोडे थांबावे. चिको मेंदेस ब्राझीलच्या आक्रे राज्यात रबराचा चीक काढणारे मजूर आणि कामगार संघटनेचे पुढारी होते. पशुपालनासाठी जंगल तोडले की रबराची झाडे जात आणि मजुरांची घरे जात, म्हणून बायकामुलांसह सारे जण करवतीपुढे जाऊन उभे राहत. जगाने त्यांना पर्यावरणवादी म्हटले ते नंतर. २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरी येथे त्यांच्या राहत्या घरी त्यांना गोळी घातली गेली, आणि १९९० मध्ये एका पशुपालक जमीनदाराला व त्याच्या मुलाला शिक्षा झाली. बेर्ता कासेरेस यांनी १९९३ मध्ये लेंका समाजाची संघटना सहकाऱ्यांसह स्थापन केली. ग्वाल्कार्के नदीवरील आग्वा सार्का धरणाला त्यांचा विरोध होता, कारण लेंकांना न विचारता नदी देऊन टाकली होती. २०१५ मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१६ मध्ये ला एस्पेरान्सा येथील घरात त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांना शिक्षा झाली, आणि पुढे धरण बांधणाऱ्या कंपनीचा माजी प्रमुखही दोषी ठरला.

दोन्ही ठिकाणी भांडण जमिनीच्या आणि पाण्याच्या मालकीचे होते. कागदोपत्री मालकी संदिग्ध, खाण, लाकूड आणि पशुपालनातला पैसा मोठा, पोलीस ठाणे दूर आणि खुन्याला शिक्षा होण्याची शक्यता कमी, अशा ठिकाणी माणूस मारणे स्वस्त पडते. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये जगभरात असे १९६ खून झाले, त्यांपैकी ७९ एकट्या कोलंबियातले होते. कोस्टारिकातील एस्कासू येथे २०१८ मध्ये स्वीकारलेला आणि २०२१ पासून लागू झालेला करार अशा कार्यकर्त्यांच्या संरक्षणाची तरतूद करणारा पहिला आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचा उल्लेख भाषणात जरूर करावा. आणि एक विनंती आहे. भाषण खुनापाशी संपवू नये. मेंदेस यांच्या चळवळीत वाढलेल्या, सोळाव्या वर्षी लिहा-वाचायला शिकलेल्या मारिना सिल्वा २००३ मध्ये ब्राझीलच्या पर्यावरणमंत्री झाल्या आणि २०२३ मध्ये पुन्हा त्याच पदावर आल्या. परीक्षकांना अश्रूंची सवय असते, ही बाजू त्यांना कमी ऐकायला मिळते.

प्रश्न : चिको मेंदेस यांच्या नावाने जंगलात राखीव क्षेत्र आहे आणि त्यात माणसे राहून उपजीविका करतात असे वाचले. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंचे अभयारण्य झाले, ते चांगलेच झाले, पण आमच्या कोळीवाड्याचा हक्क कोठे लिहिलेला नाही. ब्राझीलसारखे काही खाडीतही होऊ शकते काय? (मच्छीमार, दिवाळे गाव, बेलापूर)

उत्तर : ब्राझीलमध्ये ते खाडीत झालेले आहे. जमीन सरकारची, पण वापराचा हक्क तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा, आणि किती काढायचे याचे नियम दोघांनी मिळून ठरवायचे, ही त्या राखीव क्षेत्रांची मूळ कल्पना. ती रबराच्या मजुरांनी स्वतः मांडली होती. १९९२ मध्ये फ्लोरियानोपोलिस शहराला लागून पिराजुबाए येथे अशा प्रकारचे पहिले सागरी क्षेत्र घोषित झाले. तेथे खारफुटी आहे, चिखलपट्टा आहे, आणि त्या चिखलातून आपल्या तिसऱ्यांसारखे शिंपले वेचून जगणारी कुटुंबे आहेत. म्हणजे चित्र आपल्या ओळखीचे आहे. पुढचेही ओळखीचेच आहे. काही वर्षांतच शेजारून शहराचा महामार्ग गेला, त्याच्या भरावासाठी समुद्रतळाची वाळू उपसली गेली आणि शिंपल्यांच्या जागांचे नुकसान झाले. कागदावरच्या हक्काने मच्छीमारांना नुकसान मोजून दाखवण्याचा अधिकार दिला, रस्ता मात्र थांबवला नाही.

ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे व पाण्यातील इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्काची तरतूद आहे, पण तो हक्क ग्रामसभेमार्फत मागायचा असतो आणि महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामसभा कोठून आणायची, येथेच घोडे अडते. हे वकिलाला दाखवावे. तोपर्यंत एक काम कोणाच्याही परवानगीशिवाय करता येईल. आपल्या गावाने एक वही घालावी, आणि उधाणाला व भांगाला, खाडीच्या कोणत्या पट्ट्यात, कोणी, बोय, कोलंबी, चिंबोरी, निवट्या, कालवे किती काढले, ते तारखेसह लिहीत जावे. वही होडीवाल्यांकडे न देता बायकांकडे द्यावी. कालवे आणि शिंपल्या त्याच वेचतात, आणि संस्थेच्या नोंदींत बहुधा त्यांचेच नाव नसते.